लाल शाईतला शेरा

हजेरीपटाच्या पानावर अगदी उजवीकडे शेऱ्याचा रकाना असतो. २००३ सालच्या सप्टेंबरअखेर आठवी 'क'च्या हजेरीपटात एका मुलाच्या नावापुढे मी लाल शाईने 'दीर्घकाळ गैरहजर' असं लिहिलं, खाली महिन्याची सरासरी काढली आणि हजेरीपट कार्यालयात देऊन आले. लिहिताना हात थांबला नाही. तो थांबायला हवा होता हे कळायला मला जवळपास नऊ वर्षं लागली, आणि कळलं ते एका अमेरिकन पोलिसी मालिकेमुळे. 'द वायर' तिचं नाव. ती लिहिणाऱ्या माणसांना मी कधी पाहिलेलं नाही आणि माझं नाव त्यांच्या कानावर जाण्याचं काही कारण नाही. तरीही तेहेतीस वर्षांच्या शिक्षकी पेशात मी ज्यांचं देणं लागते त्यांची आठवण काढायला बसले, की माझ्या वडिलांच्या पाठोपाठ या माणसांची नावं ओठांवर येतात.

मी १९९० साली नोकरीला लागले. मुंबईपासून तासाभराच्या अंतरावरची खासगी अनुदानित शाळा, माध्यम मराठी, माझे विषय गणित आणि विज्ञान. शाळेच्या मागे कारखान्यांची रांग होती. सुरुवातीला त्यांचे भोंगे आमच्या तासांच्या घंटेत मिसळत. पुढे एकेक भोंगा थांबत गेला. मुलांच्या प्रवेश अर्जावर वडिलांच्या व्यवसायापुढे 'नोकरी' लिहिलेलं असायचं, तिथे 'मजुरी' आलं, 'रिक्षा' आलं, मग नुसती आडवी रेघ येऊ लागली. ते अर्ज तपासून सही करण्याचं काम माझ्याकडेच होतं. त्या आडव्या रेघेचा आणि मागच्या बाकावर डोकं टेकून झोपणाऱ्या मुलाचा काही संबंध असेल, हे माझ्या मनातही आलं नाही. वडील शिक्षक होते. घरात अभ्यास ही हवापाण्यासारखी गोष्ट होती. त्यामुळे मुलं दोनच प्रकारची असतात असं मी धरून चालले होते, शिकणारी आणि वाया गेलेली. 'वाया गेलेला' हा शब्द मी शिक्षकांच्या खोलीत किती वेळा उच्चारला असेल याची आज मोजदाद होणार नाही.

ज्याच्या नावापुढे मी तो शेरा लिहिला, तो मुलगा मला दुसऱ्या प्रकारातला वाटायचा. पहिल्या तासालाच पेंगायचा. एकदा मधल्या सुट्टीत मी त्याला थांबवून घेतलं आणि रागावून विचारलं, रात्री करतोस काय? तो बराच वेळ गप्प राहिला. मग सांगू लागला. बंद पडलेल्या एका कारखान्यात रात्री वस्तीतली मोठी मुलं शिरत आणि तांब्याच्या तारा काढून भंगारवाल्याला विकत. याला भिंतीवर बसवत, कुणी आलं तर शीळ घालायला. त्याचे वीस रुपये मिळत. 'बाई, कुणाला सांगू नका,' असं तो म्हणाला होता. हे शब्द मी नंतर सोयीने विसरले होते.

मी ते मुख्याध्यापकांना सांगितलं. माझं कर्तव्यच आहे अशी माझी समजूत होती, आणि खरं सांगायचं तर माझ्या डोक्यावरचा भारही उतरणार होता. मुख्याध्यापकांनी ते ओळखीतल्या एका पोलिसाच्या कानावर घातलं. त्यांचाही हेतू वाईट नव्हता. दोन दिवसांनी एक हवालदार भंगारवाल्याकडे गेला आणि चार माणसांत म्हणाला, शाळेतल्या पोरानेच सांगितलंय, आता नाही म्हणू नकोस. शाळेतलं पोर कोण, हे वस्तीला शोधावं लागलं नाही. त्या मुलाचा डावा हात मनगटात मोडला. आई त्याला आणि धाकट्या बहिणीला घेऊन वस्ती सोडून गेली. कुठे गेली हे मी विचारलं नाही. सप्टेंबर संपला, मी शेरा लिहिला. वर्गातला एक वाया गेलेला मुलगा कमी झाला, इतकीच माझी त्या वेळची नोंद.

२०११ च्या ऑक्टोबरात राज्यभर पटपडताळणी झाली. ३ ते ५ ऑक्टोबर असे तीन दिवस. कागदावरची मुलं खरोखर शाळेत आहेत का हे बघायला पथकं आली. एकच मूल दोन शाळांत मोजलं जाऊ नये म्हणून मुलांच्या बोटाला शाई लावली जात होती. पथकांसाठी मुलं गोळा करण्याची वेळ आमच्यावर का आली हे सांगायला हवं. पटावर तुकड्या ठरतात, तुकड्यांवर संचमान्यता, संचमान्यतेवर शिक्षकांची पदं. पट घसरला की कुणीतरी अतिरिक्त ठरतं आणि समायोजनाच्या रांगेत उभं राहतं. पडताळणीच्या आधीच्या आठवड्यात मी तीन वस्त्या फिरले. वर्ष वर्ष शाळेत न आलेली मुलं हुडकून काढली. वडापावच्या गाडीवर कांदे कापणारा, धाकट्या भावंडांना सांभाळणारी, गॅरेजमध्ये असणारा, सगळ्यांच्या घरी गेले. 'तीन दिवस या, गणवेश नसला तरी चालेल,' असं मी त्यांच्या आयांना सांगितलं. मुलं आली. बोटांना शाई लागली. सहाव्या तारखेला ती नव्हती आणि मी त्यांना आणायला गेले नाही.

तो तीन दिवसांचा प्रकार अंगावर होता, तेव्हाच त्या डिसेंबरात माझा भाचा सुट्टीवर आला. तो बाल्टिमोरला शिकत होता. बॅगेत डीव्हीडींचा एक जाड संच होता. म्हणाला, 'मावशी, मी राहतो त्या गावावरची मालिका आहे. चौथं पर्व शाळेवर आहे. तू बघायलाच हवीस.' पोलीस आणि खून असं ऐकून मी नको म्हटलं. आमच्या घरी दूरदर्शनच्या काळापासून गुन्ह्यांच्या मालिका लागत. त्यात शेवटी गुन्हेगार सापडायचा, तो कबुली द्यायचा आणि आपण जेवायला उठायचो. याहून वेगळं काही असेल असं मला वाटलं नव्हतं. भाच्याने पहिला भाग लावला. पडक्या रस्त्यावर एक मुलगा मरून पडलाय. पायरीवर बसून एक पोलीस त्याच्या ओळखीच्या माणसाला विचारतोय. तो मेलेला मुलगा दर आठवड्याला फाशांच्या खेळात पैसे उचलून पळायचा, हे सगळ्यांना माहीत होतं. मग त्याला खेळायला घेत का होता? उत्तर असं मिळतं, की घ्यावंच लागतं, हा देशच तसा आहे. मला ते काहीच कळलं नाही. बोली तर पूर्ण डोक्यावरून गेली. तीन भागांनंतर मी संच कपाटात ठेवून दिला.

पुन्हा काढला तो उन्हाळ्याच्या सुट्टीत. खालची इंग्रजी अक्षरं वाचत, थांबवत, एका वहीत शब्द लिहून घेत मी एकटीने बघायला सुरुवात केली. पाच पर्वं, साठ भाग. २००२ ते २००८ या काळात एचबीओवर ती दाखवली गेली होती. पहिल्या पर्वात बाल्टिमोरच्या पश्चिम भागातल्या सरकारी वसाहतींत चालणारा अमली पदार्थांचा धंदा आणि त्याच्यामागे लागलेली पोलिसांची एक लहानशी तुकडी आहे. फोन ऐकण्याच्या त्यांच्या तारेवरून मालिकेला नाव मिळालं. दुसरं पर्व बंदरावर जातं. गोदी कामगारांना काम उरलेलं नाही आणि त्यांचा पुढारी काम परत यावं म्हणून तस्करांचे कंटेनर सोडू लागलाय. तिसरं पर्व राजकारणाकडे, चौथं शाळेकडे, पाचवं वर्तमानपत्राकडे. दर पर्वात कॅमेरा एक पाऊल मागे सरकतो आणि आधी न दिसलेली भिंत दिसते. गुन्हेगार कोण हे पहिल्या तासातच ठाऊक असतं. आठ-नऊ वर्षांच्या मुलाला त्या कोपऱ्यावर कोण उभं करतं, हे शोधायला पुढचे साठ तास लागतात.

बंदराचं पर्व बघताना मला माझ्या शाळेमागचे भोंगे आठवले. बाल्टिमोरमध्ये १९५० साली साडेनऊ लाख माणसं राहत होती, २००० साली साडेसहा लाख. स्पॅरोज पॉइंटचा प्रचंड पोलाद कारखाना चालवणारी बेथलेहेम स्टील कंपनी २००१ मध्ये दिवाळखोरीत गेली. मालिकेतल्या गोदीतला धान्याचा धक्का जातो आणि तिथे पाण्याकाठच्या महागड्या सदनिका होणार असतात. आमच्या कारखान्यांच्या जागी काय उभं राहिलं ते मी रोज येता-जाता बघत होते. प्रवेश अर्जावरची ती आडवी रेघ मी त्या पर्वानंतर पहिल्यांदा वाचली. तोवर मी तिच्याखाली फक्त सही केली होती.

पहिल्या पर्वात वॉलेस नावाचा सोळा वर्षांचा मुलगा आहे. स्वतः धंद्यात असलेला हा मुलगा एका ओसाड घरात आणखी लहान मुलांना सांभाळतो, सकाळी त्यांच्या हातात खाऊची पिशवी देऊन शाळेत पाठवतो. एका मुलीला गणित सुटत नसतं. बसमध्ये इतके प्रवासी चढले, इतके उतरले, उरले किती. तो तेच गणित विकायच्या मालाच्या पुड्यांवर घालतो, आणि ती चटकन बरोबर उत्तर देते. तो विचारतो, हे कसं जमलं? तिचं म्हणणं असं, की हिशेब चुकला तर मार बसतो. गणिताची शिक्षिका म्हणून मी तिथे थांबले. माझ्या वर्गात भागाकाराला शून्य मिळवणारा एक मुलगा संध्याकाळी आईच्या भाजीच्या पाटीवर सव्वादोन किलोचा भाव डोळे मिटून सांगायचा. मी त्याच्याकडून भाजी घेत असे. वीस वर्षं मी एकाच मुलाच्या दोन हिशेबांमधून ये-जा केली आणि ते दोन हिशेब जोडण्याचं काम माझं आहे हे मला सुचलं नाही.

मग चौथं पर्व. ते मी पाच दिवसांत बघितलं आणि त्यानंतर आजवर सात वेळा. त्यात प्रेझबिलेव्स्की नावाचा एक माजी पोलीस गणिताचा शिक्षक म्हणून रुजू होतो. सगळे त्याला प्रेझ म्हणतात. त्याच्या हातून पोलिसात असताना अक्षम्य चुका झाल्यात. वर्ग त्याला जुमानत नाही. शाळेच्या तळघरात त्याला न उघडलेली नवीकोरी पुस्तकं सापडतात. खेळांच्या खोक्यांतले फासे आणून तो मुलांना शक्यता शिकवतो, कारण फासे त्यांच्या ओळखीचे आहेत, आणि मुलं शिकू लागतात. तेवढ्यात राज्याची चाचणी जवळ येते आणि गणिताच्या तासाला भाषेच्या चाचणीचे नमुना प्रश्न घोटून घेण्याचा आदेश येतो. निकाल वर गेला की शाळा सुधारली. प्रेझला हे लगेच ओळखू येतं, कारण पोलिसात त्याने हेच बघितलंय. तिथे दरोड्याची नोंद साधी चोरी म्हणून करायची, आकडा खाली आला की अधिकाऱ्याची बढती. मी वाचत असलेली अक्षरं पुसट झाली. आम्ही तेव्हा मुलांच्या सर्वंकष मूल्यमापनाच्या वर्णनात्मक नोंदी ठेवत होतो. प्रत्येक मुलाचं निरीक्षण करून दोन ओळी लिहायच्या असत. बाजारात तयार नोंदींची पुस्तकं मिळत. मीही त्यातूनच उतरवून घेत होते. 'गटकार्यात उत्साहाने सहभागी होतो' ही नोंद मी ज्याच्यापुढे लिहिली, तो त्या सत्रात फक्त अकरा दिवस आला होता.

त्याच पर्वात तुरुंगातून सुटून आलेला एक माणूस शाळेत हंगामी कामाला लागतो. कटी त्याचं नाव. गैरहजर मुलांना रस्त्यावरून पकडून आणायचं काम त्याला देतात. मुलांना शाळेत आणतोय म्हणून त्याला बरं वाटत असतं. मग एके दिवशी त्याला सांगण्यात येतं, की आता याला पुन्हा आणायची गरज नाही, या महिन्याची त्याची हजेरी लागली. सप्टेंबरात एक दिवस आणि ऑक्टोबरात एक दिवस मूल दिसलं की शाळेच्या निधीपुरतं झालं. कटी ते काम सोडून देतो. मला तीन वस्त्या आठवल्या, कांदे कापणारा मुलगा आठवला, त्याच्या बोटावरची शाई आठवली. मी काही सोडलं नव्हतं. मी तर पथक गेल्यावर सुटकेचा श्वास घेतला होता.

हे सगळं मी कसंबसं सहन केलं. पण पुढे रँडीची गोष्ट येते.

रँडी वॅगस्टाफ तेरा-चौदा वर्षांचा, हसरा, शाळेत चोरून गोळ्या-चॉकलेटं विकणारा मुलगा. त्याला आईबाप नाहीत, मिस अ‍ॅना नावाच्या बाई पालक म्हणून त्याला सांभाळतात. शाळेतल्या एका प्रकरणात काढून टाकण्याची वेळ येते, तेव्हा घाबरून तो सहायक मुख्याध्यापिकेला सांगतो, मला एका खुनाबद्दल माहीत आहे. त्याने फक्त एका माणसाला निरोप पोचवलेला असतो. पुढे काय होणार हे त्याला ठाऊक नव्हतं. प्रेझ मुलाच्या काळजीने जुन्या वरिष्ठाकडे, डॅनियल्सकडे जातो. डॅनियल्स चांगला माणूस आहे, तो प्रेझला कार्व्हर नावाच्या पोलिसाकडे पाठवतो. कार्व्हरही चांगला, त्याला या मुलांची खरी माया आहे. तो रँडीला हर्क नावाच्या सहकाऱ्याच्या हवाली करतो, त्याने पुढे योग्य तपासनिसाकडे पोचवावं म्हणून. हर्क निष्काळजी आहे. दुसऱ्या एका मुलाला दमात घेताना तो रँडीचं नाव बोलून जातो. बस. रस्त्यावर गोष्ट पसरते, की रँडी खबऱ्या आहे. त्याला मारहाण होते. एका रात्री त्याच्या घरावर पेटत्या बाटल्या येतात, मिस अ‍ॅना भाजतात. इस्पितळाच्या बोळातून कार्व्हर मान खाली घालून चालत जातो आणि मागून रँडी ओरडून विचारत राहतो, तुम्ही माझी काळजी घेणार होतात ना? कार्व्हर त्याला आपल्या घरी न्यायला बघतो, पण नियम आडवे येतात. शेवटी तो त्याला अनाथ मुलांच्या वसतिगृहात सोडतो आणि गाडीत परत येऊन स्टिअरिंगवर मुठी आपटत राहतो.

मी तो भाग बंद केला. दुपारचे तीन वाजले होते. स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला धरून उभी राहिले. 'बाई, कुणाला सांगू नका,' हे मला तेव्हा ऐकू आलं, त्याच्याच आवाजात, जवळपास नऊ वर्षांनी.

माझा तोवरचा समज असा होता, की त्या मुलाचं वाईट त्या मोठ्या पोरांनी केलं. फार तर त्या हवालदाराच्या जिभेने. 'द वायर'ने मला ती साखळी एकेक कडी मोजून दाखवली. तिथे कुणी दुष्ट नाही. प्रत्येक जण हातातली गोष्ट पुढच्याच्या हातात देतो आणि मोकळा होतो. कार्व्हर मोकळा झाला नाही, म्हणून त्याच्या मुठी आपटल्या. मी मात्र मोकळी झाले होते. पहिली कडी मी होते. मी सांगितलं नसतं, किंवा सांगण्याआधी एकदा त्याच्या आईकडे गेले असते, तर त्याचा हात शाबूत राहिला असता, असं मला वाटतं.

ही मालिका कुणी लिहिली हे मी त्यानंतर शोधलं. डेव्हिड सायमन हे 'बाल्टिमोर सन'मध्ये १९८२ पासून तेरा वर्षं पोलीस वार्ताहर होते. खून तपासणाऱ्या पोलिसांबरोबर एक वर्ष काढून त्यांनी पुस्तक लिहिलं होतं. त्यांचे सहकारी एड बर्न्स व्हिएतनामच्या युद्धातून आलेले, वीस वर्षं बाल्टिमोरचे पोलीस, आणि मग त्याच शहराच्या सरकारी शाळेत शिक्षक. हे वाचलं तेव्हा प्रेझ मला का इतका खरा वाटला ते उमगलं. दोघांनी मिळून एका कोपऱ्यावरच्या कुटुंबांमध्ये वावरून 'द कॉर्नर' हे पुस्तक लिहिलं, ते १९९७ साली आलं. म्हणजे आधी ऐकलं, मग लिहिलं. मालिकेत मेल्विन विल्यम्स नावाचे एक गृहस्थ चर्चमधल्या वडीलधाऱ्या डीकनचं काम करतात. प्रत्यक्षात ते बाल्टिमोरच्या अमली पदार्थांच्या धंद्यातलं बडं प्रस्थ होते आणि ऐंशीच्या दशकात त्यांना पकडणाऱ्यांत बर्न्स होते. ज्याला पकडलं त्याला पुढे आपल्या कथेत मानाची जागा द्यायची, हे मन माझ्या ओळखीचं नव्हतं. हार्वर्डमध्ये विल्यम ज्युलियस विल्सन या समाजशास्त्रज्ञांनी ही मालिका अभ्यासक्रमात घेतली. एवढं असून तिला एमी पारितोषिक एकदाही मिळालं नाही. मला त्याचं वाईट वाटतं.

मालिकेत मला सगळंच पटतं असं नाही. पाचव्या पर्वात एक पोलीस निधी मिळवण्यासाठी खोटा खुनी उभा करतो, ते मला ओढूनताणून आणलेलं वाटलं. चौथ्या पर्वातल्या वर्गात मुली बसलेल्या दिसतात, पण त्यांच्यातल्या एकीच्याही घरी कॅमेरा जात नाही. धाकट्या भावंडांना सांभाळणारी माझी विद्यार्थिनी त्या वर्गात असती, तर तिच्या वाट्याला काय आलं असतं, हे मला जाणून घ्यायचं होतं. तरी हेही खरं, की त्या रिकाम्या जागेकडे माझं लक्ष गेलं ते याच माणसांनी मला बघायला शिकवलं म्हणून.

चौथं पर्व रँडीसकट चार मुलांच्या मागे जातं. त्यांच्यापैकी एकच तरतो. नेमंड. त्याला कोल्व्हिन नावाचा निवृत्त पोलीस अधिकारी स्वतःच्या घरी घेऊन जातो. मायकेल बंदूक उचलतो. ड्यूकीचं दुःख मला सगळ्यांत जवळचं वाटतं. त्याच्या घरात त्याचे कपडेसुद्धा विकले जातात. प्रेझ त्याला स्वच्छ कपडे देतो, शाळेत अंघोळीची सोय करतो, डबा आणतो. मग वर्षाच्या मध्येच त्याला वरच्या वर्गात ढकलतात आणि ती एक जागा त्याच्यापासून सुटते. पाचव्या पर्वात तो प्रेझकडे पैसे मागायला येतो. शिकायला हवेत म्हणतो. प्रेझला खरं काय ते कळतं. तरी तो पैसे देतो. ते देताना प्रेझच्या चेहऱ्यावर जे असतं ते शिक्षकाशिवाय दुसऱ्या कुणाला पूर्ण समजेल का, मला शंका आहे.

पुढची अकरा वर्षं मी शिकवलं. शाळा बदलली नाही. संचमान्यता तशीच राहिली, चाचण्या वाढल्या, गुण संगणकावर भरावे लागू लागले. मी काही मोठं केलं असं नाही. तयार नोंदींचं पुस्तक आणणं सोडलं. दोन ओळींऐवजी कधी अर्धीच ओळ लिहिली, पण बघून लिहिली. शेकडेवारी शिकवताना भंगाराचे भाव फळ्यावर आले. तांबं, पितळ, लोखंड, पुठ्ठा. मुलांनी ते भाव माझ्याहून अचूक सांगितले. गैरहजर मुलाच्या नावापुढे शेरा लिहिण्याआधी घरी जायचं, असं ठरवलं. सगळ्यांकडे जाणं जमलं नाही. वर्गात साठ मुलं असत, माझंही वय होत चाललं होतं. आणि मुलाने काही सांगितलं, की मी आधी स्वतःला विचारायचे, हे माझ्यानंतर कुणाच्या कानावर जाईल, आणि त्याच्यानंतर कुणाच्या? एकदा नववीतल्या एका मुलीने घरातली एक गोष्ट सांगितली. ती पुढे सांगणं भागच होतं. पण तेव्हा मी ती कुणाच्या हवाली करून घरी गेले नाही. प्रत्येक ठिकाणी तिच्या शेजारच्या खुर्चीवर बसले. त्यात चार महिने गेले.

त्या मुलाचा शोध मी २०१२ पासून घेत होते. वस्ती तोवर पाडली गेली होती. शेवटी एका माजी विद्यार्थ्याने सांगितलं, की तो भाजीच्या घाऊक बाजारात टेम्पो चालवतो. २०१६ च्या जानेवारीत मी पहाटे तिथे गेले. त्याने मला लांबूनच ओळखलं आणि वाकून नमस्कार केला. मला तो घ्यावासा वाटला नाही. चहा आला. आई गेल्या वर्षी गेली, बहिणीचं लग्न झालं, असं त्याने सांगितलं. पोत्यांवर ताडपत्री टाकून तो दोरी आवळत होता. डावं मनगट पुरतं वळत नव्हतं, म्हणून गाठ मारताना दोरीचं एक टोक तो दातात धरत होता.

मी त्याला म्हटलं, 'तेव्हा मुख्याध्यापकांना मीच सांगितलं होतं.'

त्याने दोरी दातातून काढली. 'माहीत होतं, बाई. मी दुसऱ्या कुणाला सांगितलंच नव्हतं.'

मग तो दुसऱ्या बाजूला गेला. त्या बाजूचा कोपरा वाऱ्याने उडत होता. मी तो धरला, आणि त्याने गाठ मारेपर्यंत धरून राहिले.